सह्याद्रीत तयार झालेल्या पायांनी ट्रव्हनवर कसं जावं

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: तुम्ही चौघे पुण्याचे, सध्या मँचेस्टरला नोकरीला. अलंग-मदन-कुलंग झालंय, हरिश्चंद्रगड नळीच्या वाटेने झालाय, कोकणकड्यावरून खाली बघताना कुणाचे पाय कापत नाहीत. ऑक्टोबरच्या पहिल्या आठवड्यात उत्तर वेल्समध्ये ट्रव्हनच्या उत्तर धारेने, म्हणजे नॉर्थ रिजने माथा गाठायचाय. दोर न्यावा का, माथ्यावरच्या त्या दोन दगडांवरून उडी मारावी का, आणि वेळ उरला तर पुढची ब्रिस्टली रिजही करावी का?

आधी सरळ उत्तरं देते. कातळ कोरडा आणि वारा कमी असेल तर तुमच्यासारख्यांना दोर लागणार नाही. उडी माझ्याबरोबर आलेल्यांना मी मारू देत नाही, कारण पुढे सांगते. ब्रिस्टली रिजचं घरी बसून ठरवू नका, खिंडीत पोचल्यावर ठरवा.

तुम्ही वाटेबद्दल काहीच विचारलं नाहीत, आणि खरी अडचण तिथेच आहे. लोकांना या डोंगरांत नेणं, शिकवणं हे माझं काम. सह्याद्रीत घडलेली मंडळी ट्रव्हनवर ताकद किंवा हिंमत कमी पडल्यामुळे अडकलेली मी फारशी पाहिलेली नाहीत. ती अडकतात आपल्याकडच्या एका चांगल्या सवयीमुळे. म्हणून उत्तर लांबणार आहे.

डोंगर आधी समजून घ्या. ट्रव्हन (स्पेलिंग बघून बरेच जण ट्रायफॅन म्हणतात) ओग्वेन खोऱ्यात आहे, बेथेस्डा आणि कॅपेल क्युरिग या दोन गावांच्या मधे. पायथ्याला लिन ओग्वेन हे तळं, तळ्याकाठून ए-5 हा जुना हमरस्ता. उंची 917 मीटर, आणि रस्ता समुद्रसपाटीपासून तीनशे मीटरच्या आसपास. म्हणजे चढ सहाशे मीटरचा. नळीच्या वाटेपुढे हा आकडा किरकोळ वाटेल, वाटू दे. या उंचीचा एक किस्सा आहे. नकाशावर वर्षानुवर्षं 915 मीटर छापलेलं असायचं. इथे तीन हजार फुटांवरच्या शिखरांची यादी लोक मनापासून जपतात, आणि तीन हजार फूट म्हणजे 914.4 मीटर. अर्ध्या-पाऊण मीटरच्या फरकावर डोंगराची इज्जत टांगलेली! 2010 मध्ये उपग्रहाच्या मदतीने नव्याने मोजणी झाली, तेव्हा ट्रव्हन 917.5 मीटर भरला आणि यादीतली जागा पक्की झाली.

दगड ज्वालामुखीचाच, पण आपल्या दख्खनच्या बसाल्टपेक्षा फार जुना: साधारण 45 कोटी वर्षांपूर्वीच्या राखेचा आणि रायोलाइट जातीच्या लाव्हाचा. आपला कातळ साडेसहा कोटी वर्षांच्या आसपासचा. तुमच्या दृष्टीने वयापेक्षा ठेवण महत्त्वाची. सह्याद्रीत लाव्हाचे थर एकावर एक आडवे पडलेत. म्हणून आपल्याकडे कडा आडवा आला की त्याच्या पोटातून जाणारी पट्टी मिळते आणि आपण ट्रॅव्हर्स मारतो. कुलंगपासून राजगडापर्यंत कुठेही बघा, उभ्या चढाला आडव्या वाटेने वळसा घालणं हे आपल्या अंगवळणी पडलेलं शहाणपण आहे. ट्रव्हनचे थर घड्या पडून कलते झालेत, त्यावरून हिमनद्या फिरल्यात, आणि नंतर बर्फाने फोडून त्याचे ठोकळे केलेत. इथे आडवी पट्टी दिसली तरी ती पलीकडे कुठे निघेलच असं नाही. पुष्कळदा ती पूर्वेच्या कड्यात जाते आणि एखाद्या घळीच्या तोंडाशी संपते.

हीच ती सवय. धारेवर एखादा टप्पा जरा उभा दिसतो. डावीकडे छान मळलेली पायवाट दिसते. मळली आहे कारण आधीचे शंभर जणही तिकडेच गेले. वाट सोपी असते, म्हणून आपण जातो. आणखी पुढे जातो. मग वर सरकायची जागा शोधता शोधता ओल्या गवताच्या, सुट्या दगडांच्या घळीत उभे असतो. वरचा कातळ धारेवरच्यापेक्षा अवघड आणि खाली पूर्वेचा कडा. नळीच्या वाटेत दोन्ही बाजूंच्या भिंती तुम्हाला चुकू देत नाहीत. नॉर्थ रिज रुंद आहे, खालच्या भागात तर ती धार वाटतच नाही, नुसता दगडांचा उतार वाटतो. बाणांच्या खुणा नाहीत, रंगाचे ठिपके नाहीत, पायथ्याच्या वाडीतला मामा पुढे चालत नाही. तळाशी निदान डझनभर वाटा फुटतात आणि त्यांतली एकही ‘अधिकृत’ नाही.

म्हणून एकच नियम लक्षात ठेवा. डावीकडून वळसा घ्यायला हरकत नाही, काही टप्प्यांवर तो घ्यावाच लागतो, पण प्रत्येक वळशानंतर पहिल्या सोप्या संधीला परत माथ्याच्या रेषेवर या. दोन टप्पे एकाच वळशात उरकायला जाऊ नका. आणि कुठेही हालचाल अवघड वाटायला लागली, म्हणजे हात थरथरतायत, पाऊल आंधळेपणाने टाकावं लागतंय, तर वाट तशीच आहे असं समजू नका. वाट चुकली असं समजा आणि जिथून सगळं सोपं होतं तिथपर्यंत मागे या. ब्रिटनमध्ये हातापायांनी चढायच्या अशा वाटांना 1, 2, 3 अशी श्रेणी देतात आणि ही श्रेणी 1, म्हणजे सगळ्यांत सोपी, आहे. बरोबर रेषेवर कुठेही तुम्हाला मदनच्या कातळटप्प्याइतकं अवघड काही लागत नाही. लागलं, तर तुम्ही भलतीकडे आहात.

आता टप्प्याटप्प्याने. गाडी लावायच्या जागेसमोर जो मोठा कातळ दिसतो तो माइलस्टोन बट्रेस. बँगोरपासूनचा दहावा मैलाचा दगड इथे आहे, त्यावरून हे नाव. भिंतीच्या कडेने या कातळाकडे चढून मग डावीकडे वळत धारेच्या खांद्यावर यायचं. हा पहिला अर्धा-पाऊण तास कंटाळवाणा आहे: हेदरची झुडपं, चिखल, मोठाले धोंडे. इथे घाई करणारे पुढे दमतात.

खांद्यावर आलात की जमीन थोडी सपाट होते. उजव्या हाताला, पश्चिमेच्या बाजूला, एक लांबट शिळा आकाशाकडे तिरपी रोखलेली दिसेल. ही कॅनन, म्हणजे तोफ. रस्त्यावरूनही ती ओळखू येते. तिच्यावर चढून फोटो काढायची पद्धत आहे, काढा. पण तिथे थांबायचं दुसरं कारण जास्त कामाचं आहे. इथून घड्याळ आणि ढग बघा. रस्ता सोडल्यापासून दीड तासाहून जास्त लागला असेल किंवा वरचा भाग ढगात गेला असेल, तर परत फिरायला ही चांगली जागा आहे. धारेने उतरणं चढण्यापेक्षा बरंच अवघड, आणि जितके वर जाल तितकं ते अधिक अवघड होत जातं. परतायचा निर्णय उशिरा घेतला की तो परतायचा राहत नाही, मग वर जाऊन पलीकडून उतरणं हाच सुरक्षित मार्ग उरतो.

कॅननच्या पुढे खरी मजा सुरू होते. ठोकळ्यांचे जिने, मधे छोटे सपाट भाग, परत जिने. पांढऱ्या गारेच्या शिरा असलेला कातळ लागेल, तोही बघण्यासारखा. पकडी मोठ्या आहेत, हात घातला की मूठ भरते. मात्र ज्यावर हजारो बूट पडलेत ते दगड घासून गुळगुळीत झालेत आणि पावसात साबणासारखे लागतात. जे दगड घासलेले नाहीत त्यांवर दगडफुलाचा खरबरीत थर असतो. तो सुका असताना फार छान धरतो, ओला झाला की भरवसा नाही.

माथ्याच्या अलीकडे नॉर्थ टॉवर हा बुरूज समोर उभा राहतो. खालून तो अशक्य दिसतो. अंगावर आलात की त्यात वाटा दिसायला लागतात. त्यावरून गेलात तर पलीकडे एका खाचेत थोडं उतरावं लागतं. माणसाच्या उंचीच्या जरा वरचा हा उतार, पकडी चांगल्या, पण तोंड कातळाकडे करून उतरायचं. चौघांपैकी कुणाला दृष्टिभय वाटणार असेल तर ते इथे वाटेल. अनुभवी माणसाने आधी उतरून वरच्याला पाऊल कुठे ठेवायचं ते बोलून सांगावं. हात धरून ओढू नये. खाचेतून वर निघालात की माथा जवळच.

चौघे आहात म्हणून एक सांगते. सुट्या दगडांच्या घळीत एकतर एकमेकांना चिकटून चढा, म्हणजे निसटलेला दगड वेग घ्यायच्या आत मागच्याच्या हातात थांबेल. नाहीतर एक जण पूर्ण वर पोचून बाजूला होईपर्यंत बाकीच्यांनी आडोशाला थांबा. दहा-पंधरा फुटांचं अंतर सगळ्यांत वाईट. दगड फक्त माणसंच पाडतात असंही नाही, या उतारांवर रानबकऱ्या आहेत आणि त्यांना खालच्या ट्रेकर्सची काही पडलेली नसते. हेल्मेट घाला. इथले बरेच लोक श्रेणी 1 वर घालत नाहीत आणि हसतीलही. हसू द्या.

माथ्यावर दोन चौकोनी खांब उभे आहेत, साधारण तीन मीटर उंच. नाव ॲडम आणि ईव्ह, वेल्श लोकांचे शॉन आणि शान. एकावरून दुसऱ्यावर उडी मारली की ‘ट्रव्हनचं नागरिकत्व’ मिळतं असं मानतात. अंतर सव्वा मीटरच्या आसपास, म्हणजे जमिनीवर कुणीही सहज पार करेल. मग मी का अडवते? एक तर खांबावर चढणंच उडीपेक्षा अडचणीचं आहे, गुळगुळीत दगडावर पोटावर सरकत चढावं लागतं. दुसरं, वरची जागा सपाट आणि मोठी नाही, आणि वारा खोऱ्यातून झोतांनी येतो. तुम्ही उडी घेताना शांत असलेली हवा उतरताना शांत असेलच असं नाही. तिसरं, पूर्वेचा कडा जवळच आहे आणि खाली मऊ काही नाही. घोटा मुरगळला तरी तुम्ही ब्रिटनमधल्या सगळ्यांत गैरसोयीच्या जागी लंगडे होता. वर जाऊन, खांबांना टेकून, सँडविच खाल्लं तरी नागरिकत्व मिळतं असं मी माझ्या मंडळींना जाहीर करून टाकते.

(जुन्या वेल्श साहित्यात वीरांच्या थडग्यांची यादी देणारी पद्यं आहेत. त्यांत आर्थर राजाचा साथीदार बेदविर याचं थडगं ट्रव्हनच्या उतारावर असल्याचं म्हटलंय. वर बसून हे आठवायला बरं वाटतं.)

आता उतार. माझ्या मते ट्रव्हनची अर्धी परीक्षा माथ्यानंतर सुरू होते, कारण तिथे पोचल्यावर मन म्हणतं, झालं. समोर पश्चिमेला खाली रस्ता दिसतो, स्वतःची गाडीसुद्धा दिसते. सरळ खाली गेलं तर अर्ध्या तासात चहा! हा मोह टाळा. पश्चिमेच्या बाजूला घळी आहेत, त्या वरून सोप्या दिसतात आणि मधेच तुटतात. मदतपथकांना इथे बोलवावं लागतं ते बरेचदा अशाच लोकांसाठी: फारशी इजा झालेली नसते, पण खालीही जाता येत नाही, वरही येता येत नाही.

बरोबर वाट दक्षिणेला जाते. मुख्य माथ्यावरून दक्षिणेकडे उतरून खोगिरात या. पुढचं दक्षिण शिखर वरून ओलांडा किंवा त्याच्या उजव्या, म्हणजे पश्चिमेच्या अंगाने वळसा घ्या. मग धोंड्यांवरून उतरत बुल्ख ट्रव्हन या खिंडीत. खिंडीत रचीव दगडांची भिंत आहे आणि ती ओलांडायला लाकडी शिड्या आहेत. धुक्यात ही भिंत म्हणजे मोठा आधार, भिंत लागली की तुम्ही खिंडीत आहात याबद्दल शंका नाही. तिथून पश्चिमेला, उजवीकडे, वाट लिन बोख्लुइड या तळ्याकडे उतरते आणि ओढ्याच्या काठाने ओग्वेन कॉटेजपाशी रस्त्याला मिळते. शेवटचा भाग दगड रचून केलेल्या पायऱ्यांचा आहे, गुडघे बोलतील. चुकून खिंडीतून पूर्वेला गेलात तर कुम ट्रव्हनच्या दलदलीतून ग्वेर्न गोफ उखाफ या शेताशी निघाल आणि रस्त्याने गाडीपर्यंत चालत यावं लागेल. बूट भिजतील, बाकी काही नाही. माथ्यावर होकायंत्र एकदा तरी हातात घ्या, निव्वळ ‘दक्षिण कुठे’ एवढ्यासाठी. त्याने पुष्कळ काही वाचतं.

काही लोक सुचवतील की धारेऐवजी पूर्वेच्या कड्याखालून तिरपी वर जाणारी हेदर टेरेस घ्या, ती सोपी आहे. नावावरून ती बागेतली वाट वाटते. चालायला ती धारेपेक्षा सोपी आहेच, पण तिची सुरुवात शोधणं अवघड. बरेच जण ती लागायच्या आधीच वर वळतात आणि कड्याच्या तळाशी जाऊन उभे राहतात. पहिल्यांदा येताय तर धारच घ्या.

दोराबद्दल. चौघांपैकी एकालाही दोर लागेल अशी शंका असेल, तर प्रश्न ‘दोर न्यावा का’ हा नाही, ‘दोर वापरता येणारं कोण आहे’ हा आहे. सॅकमध्ये दोर असला आणि कातळाला बांधायचं, सुट्या माणसाला सावरायचं तंत्र नसलं, तर चौघे एकत्र पडायची सोय होते, बस. मार्गदर्शक घेणार असाल तर त्याची पात्रता विचारा. इथे माउंटन लीडर हा शिक्का चालण्याच्या डोंगरांसाठी आहे, ठरवून दोर वापरणं त्यात बसत नाही. धारेवर दोराने नेणारा माणूस माउंटनिअरिंग अँड क्लाइंबिंग इन्स्ट्रक्टर किंवा त्याच्या वरचा असावा. विचारलं म्हणून कुणी रागावत नाही, रागावला तर दुसरा शोधा.

आपल्याकडून आलेल्यांना आणखी एक गोष्ट खटकते: इतक्या गर्दीच्या डोंगरावर एकही रेलिंग, साखळी, शिडी, लोखंडी खुंटी कशी नाही? नाही, आणि लावूही देत नाहीत. याला इतिहास आहे. 1936 मध्ये काही जर्मन आरोहकांनी ट्रव्हनच्या पूर्वेच्या कड्यावर पिटॉन (कातळात ठोकायच्या लोखंडी खुंट्या) ठोकून एक नवी वाट केली, तिला म्युनिक क्लाइंब म्हणतात. आल्प्समध्ये ही रीत होती, इथे नव्हती. स्थानिक आरोहकांना ते इतकं झोंबलं की त्यांनी नंतर त्या वाटेवर जाऊन पिटॉन काढून टाकले. तुम्हाला हा हट्ट वाटेल. मला तो आवडतो, पण त्याची किंमत माहीत असावी: अडचणीच्या जागी धरायला लोखंड असेल ही अपेक्षा पायथ्यालाच सोडून यावी लागते.

दोरावरचं क्लाइंबिंगही करायचं असेल तर दुसरा दिवस ठेवा. शिकायला ग्वेर्न गोफ उखाफच्या मागची ट्रव्हन बाख ही कललेली शिळा उत्तम. वेल्समध्ये पहिल्यांदा दोराला बांधून घेणाऱ्या पुष्कळांची सुरुवात तिथे होते. पुढे माइलस्टोन बट्रेसवरच्या सोप्या वाटा, आणि हात बसला की पूर्व कड्यावरची ग्रूव्ड आरेट. ती 1911 सालची वाट आहे आणि आजही कोरड्या शनिवारी तिथे रांग लागते. कातळावर रांगेत उभं राहायचं नसेल तर मधल्या वारी या. पलीकडच्या अंगाला पेन-इ-ग्वेर्डचं हॉटेल आहे, 1953 च्या एव्हरेस्ट मोहिमेतली ब्रिटिश मंडळी सामानाची चाचणी घ्यायला याच डोंगरांत आली होती आणि तिथे उतरली होती. संध्याकाळी जाऊन या, छतावर सह्या आहेत.

हवामानावर मी लांबण लावत नाही, तुम्ही मँचेस्टरला राहता, पाऊस माहीत आहे. फक्त ऑक्टोबरसाठी: सूर्य पावणेसातच्या सुमारास मावळतो, आणि महिन्याच्या शेवटी घड्याळं मागे गेली की आणखी एक तास जातो. प्रत्येकाकडे स्वतःचा हेडटॉर्च हवा. मोबाइलचा दिवा टॉर्च नव्हे, कारण हात धरायला लागतात. गावातल्या हवामानाचा अंदाज बघू नका, डोंगरांसाठीचा वेगळा अंदाज मेट ऑफिस देतं, त्यात वाऱ्याचा वेग आणि ढगांची उंची असते. माथ्यावर ताशी तीस मैलांच्या वर झोत सांगितले असतील तर मी धारेवर लोकांना नेत नाही. पावसापेक्षा वारा मला जास्त थांबवतो. थंडीत बर्फ पडल्यावर हा डोंगर पूर्णपणे वेगळा होतो: आइस ॲक्स, क्रॅम्पॉन (बुटांखाली बांधायचे लोखंडी दाते) आणि ती वापरायचं शिक्षण. त्याशिवाय डिसेंबर ते मार्च खालूनच बघा.

सामानात कापसाचे कपडे आणि जीन्स नकोत. वरून-खालून पावसाळी कपडे, आणि हातमोजे दोन जोड, एक ओला होतोच. ओल्या कातळावर धरायला लागतं म्हणून पातळ मोजे बरे. बूट कडक तळव्याचे घ्या. आपल्याकडचे हलके, मऊ तळव्याचे बूट कोरड्या बसाल्टवर झकास चालतात, इथल्या कडांवर उभं राहताना पाऊल वाकतं. सॅक लहान ठेवा, मोठी सॅक खाचेत अडकते आणि माणसाला मागे ढकलते. ऑर्डनन्स सर्व्हेचा ओएल-17 हा नकाशा कागदावर घ्या. चौघांत एक मोठी नारिंगी निवारापिशवी असू द्या, कुणी जायबंदी झालं तर दोन तास थंडीत बसून काढायचे असतात.

मदत लागली तर 999 लावा, आधी पोलीस मागा आणि मग त्यांना माउंटन रेस्क्यू सांगा. थेट रुग्णवाहिका मागितली तर ती रस्त्यावर येऊन थांबते. निघण्याआधी घरूनच इंग्रजीत ‘रजिस्टर’ हा एक शब्द 999 वर एसएमएस करून नोंदणी करा, म्हणजे आवाज पोचत नसला तरी संदेशाने मदत मागता येते. शिट्टी असेल तर मिनिटात सहा वेळा वाजवायची, एक मिनिट थांबायचं, परत सहा. येणारे लोक ओग्वेन व्हॅली माउंटन रेस्क्यू ऑर्गनायझेशनचे. सगळे स्वयंसेवक, आणि पैसे घेत नाहीत. लोणावळ्याच्या शिवदुर्ग मित्रच्या मंडळींना रात्री-अपरात्री ओढ्यात उतरताना तुम्ही पाहिलं असेल, तीच जात. खरी गरज असेल तर संकोच करू नका. अंधार पडायच्या आत फोन केलेला त्यांना आवडतो, मध्यरात्री केलेला नाही.

येण्यासाठी: मँचेस्टरहून रेल्वेने बँगोर, तिथून टी-10 ही बस ओग्वेनला थांबते. वेळापत्रक ऋतूप्रमाणे बदलतं, परतीची शेवटची बस आधी बघून ठेवा आणि दिवसाची आखणी तिच्यावरून उलटी करा. गाडीने येणार असाल तर शनिवार-रविवारी सकाळी लवकर. रस्त्याकडेच्या जागा भरल्या की गवतावर गाडी चढवू नका, दंड होतो आणि मदतपथकाची गाडी अडते.

सकाळी उठून बघता तर धो-धो पाऊस, ढग रस्त्यावर टेकलेले: अशा वेळी ट्रव्हन सोडा आणि शेजारच्या कुम इदवालला जा. हिमनदीने कोरलेलं हे कोंदण, मधे तळं, भोवती कडे. तळ्याला फेरी मारून दोन-तीन तासांत परत. वेल्समधलं पहिलं राष्ट्रीय निसर्ग अभयारण्य, 1954 पासूनचं. चार्ल्स डार्विन 1831 मध्ये भूगर्भशास्त्रज्ञ ॲडम सेजविकबरोबर इथे येऊन दगड तपासून गेला, आणि हिमनदीच्या खुणा डोळ्यांसमोर असून दोघांपैकी कुणाच्याही लक्षात आल्या नाहीत. 1842 मध्ये तो परत आला तेव्हा त्या त्याला जिकडेतिकडे दिसल्या. पाऊस असताना ओरखडे उठलेले कातळ चमकतात आणि खुणा उलट जास्त स्पष्ट दिसतात.

राहिली ब्रिस्टली रिज. ती बुल्ख ट्रव्हनपासून ग्लिडर फाखच्या 994 मीटरच्या माथ्यावर जाते. श्रेणी तीच, 1, पण जास्त सलग, दोन्ही बाजूंनी उघडी, आणि मधून बाहेर पडायच्या वाटा कमी. नॉर्थ रिज, मग ही, मग ग्लिडर फाखचा पसारा आणि इ ग्रिबिनच्या सोंडेने उतरणं, हा इथला सगळ्यांत सुंदर दिवस आहे यात वाद नाही. सोंडेचा उतारही हातांनी धरत करायचा आहे, हे मात्र लोक विसरतात. ऑक्टोबरमध्ये माझा हिशेब असा: खिंडीत एकच्या आत, कातळ कोरडा, वरचा माथा ढगाबाहेर, चौघांपैकी प्रत्येकाने अजून खायला-प्यायला शिल्लक ठेवलेलं आणि कुणीही गप्प झालेलं नाही, तर जा. यातली एक गोष्ट जरी जुळली नाही तरी उजवीकडे, बोख्लुइडच्या तळ्याकडे उतरा. गप्प झालेल्या माणसाला ‘जमेल ना?’ असं विचारू नका, तो हो म्हणेल. ‘उतरूया का?’ असं विचारा.